आणि इतर विद्यार्थी

डिसेंबर उजाडला की मला शाळांचे फोन येऊ लागतात. "सर, आमच्या हायस्कूलच्या वार्षिक स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुणे म्हणून यायचं हं. नाही म्हणायचं नाही." गोव्यात चार ओळी लिहिणाऱ्या माणसाला हा मान मिळतोच. मीही नाही म्हणत नाही. शाल मिळते, श्रीफळ मिळतो, समई पेटवताना वारा सुटतो आणि तिसऱ्या काडीला वात पेटते. मग स्वागतगीत, अहवालवाचन, अध्यक्षांचे दोन शब्द (जे कधीच दोन नसतात) आणि मग माझं भाषण. मी चाळीस मिनिटं बोलतो. घड्याळाकडे बघण्याची सवय मला नाही आणि पाहुण्याला थांबवण्याची रीत आपल्याकडे नाही.

माझं भाषण संपतं तेव्हा मागच्या रांगांतली लहान मुलं पेंगुळलेली असतात आणि नाचाचे कपडे घातलेली मुलं विंगेत चुळबुळ करत असतात. मग सूत्रसंचालन करणाऱ्या बाई म्हणतात, "वेळेअभावी बक्षीस वितरण आपण थोडक्यात आटोपणार आहोत." दहावीतल्या पहिल्या तिघांची नावं सावकाश घेतली जातात. त्यांचे फोटो निघतात. पुढे नावं आगगाडीसारखी धावू लागतात. शेवटी समूहगीत, लेझीम, खोखो, विज्ञान प्रदर्शन यांची पाळी येते, आणि तिथे हमखास एक वाक्य ऐकू येतं : "अमुक, तमुक आणि इतर विद्यार्थी."

हे 'आणि इतर विद्यार्थी' मला लहानपणापासून ओळखीचे आहेत, कारण मी त्यांच्यातलाच एक. फोंडा महालातल्या एका हायस्कुलात मी नववीत होतो. शाळेचं हस्तलिखित निघायचं. त्या वर्षी माझं अक्षर बरं म्हणून सगळं हस्तलिखित मी उतरवून काढलं. बासष्ट पानं. दिवाळीची सुट्टी त्यात गेली. स्नेहसंमेलनाला वडील दुकान लवकर बंद करून आले होते. हस्तलिखिताचं बक्षीस जाहीर झालं तेव्हा संपादक म्हणून दहावीतल्या एका मुलाचं नाव घेतलं गेलं, "आणि इतर विद्यार्थी". परत येताना अंधारात वडिलांनी विचारलं, "तुझं नाव कधी घेतलं रे? माझं लक्ष नव्हतं की काय?" मी म्हटलं, "घेतलं की. तुम्ही तेव्हा बाहेर गेला होता." वडील बाहेर गेले नव्हते. मला ते ठाऊक होतं आणि त्यांनाही.

इतक्या वर्षांनी ही जखम उकरून काढायचं कारण वेगळं आहे. गेल्या वर्षी मी सुरतेला गेलो होतो आणि तिथल्या गोडादरा भागात मराठी मुलांचा एक गुणगौरव सोहळा पाहिला. तो पाहून परत आल्यापासून मला माझ्या चाळीस मिनिटांची लाज वाटते आहे.

सुरतेला कसा गेलो ते आधी सांगतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला सत्त्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. तिथे जेवणाच्या रांगेत एका निवृत्त शिक्षकांशी ओळख झाली. मूळचे अमळनेरचे, पण सगळी नोकरी सुरतेत मराठी माध्यमाच्या शाळांत झालेली. मी गोव्याचा म्हटल्यावर त्यांनी जे विचारलं ते आजवर कोणीच मला विचारलं नव्हतं : "तुमच्याकडं मराठी शाळेतला पोरगा घरी काय बोलतो?" मी म्हटलं, "कोकणी." ते हसून म्हणाले, "आमचा अहिराणी बोलतो. शाळेत मराठी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती." आमचं तिथेच जमलं. पुढे त्यांनी आग्रहाने बोलावलं आणि मी मडगावला गाडीत बसलो.

आपल्याला सुरत म्हटलं की शिवाजी महाराजांची स्वारी आठवते, फार तर घारी आणि उंधियो. पण सुरतेत एक मोठं खानदेश नांदतं आहे हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? भुसावळहून निघालेला लोहमार्ग अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर करत सुरतेला जातो. याच रुळांवरून जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या सुरतेला येत राहिली. पाऊस हुकला की आली, जमीन भावांत वाटून तुकडे झाले की आली. उधना, लिंबायत, डिंडोली, गोडादरा हे त्यांचे भाग. गोडादरा हे मुळात गाव. २००६ साली सुरत महानगरपालिकेची हद्द मोठ्या प्रमाणात वाढली तेव्हा अशी कितीतरी गावं शहरात आली. आज तिथे शेत शोधून सापडत नाही. एकाला एक चिकटलेल्या सोसायट्या, खाली दुकान आणि वर घर. बाप कापडाच्या मिलमध्ये नाहीतर रिक्षावर, आणि आई घरी साडीला लेस लावते, धागे कापते, खडे चिकटवते. दारादारांत साड्यांचे गठ्ठे पडलेले. श्रावणात याच गल्ल्यांतून कानबाई निघते.

इथल्या मुलांच्या शिक्षणाची तऱ्हाही समजून घ्यायला हवी. सुरतेची नगर प्राथमिक शिक्षण समिती एकट्या गुजरातीत नव्हे, तर हिंदी, मराठी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून प्राथमिक शाळा चालवते. महाराष्ट्राबाहेरच्या एखाद्या महानगरपालिकेने मराठी शाळा चालवाव्यात याचं मला कौतुक वाटलं. पण गुजरातमध्ये प्राथमिक म्हणजे पहिली ते आठवी. नववी आणि दहावी ही माध्यमिक. महापालिका 'सुमन हायस्कूल' या नावाने माध्यमिक शाळाही चालवते आणि त्यांत मराठी माध्यमही आहे. गुजरात बोर्डाची दहावीची परीक्षा मराठीतून देता येते.

आपल्याकडे मूल पाचवीत हायस्कुलात येतं आणि दहावीपर्यंत सहा वर्षं तिथे असतं. सहा वर्षांत कधी ना कधी कुणाच्या ना कुणाच्या नजरेत भरतंच. गोडादऱ्यातल्या मुलाच्या वाट्याला माध्यमिक शाळा येते ती दोनच वर्षं. नववीत शाळा नवी, शिक्षक नवे, बाकावरचा सोबती नवा. ओळख होते न होते तोच बोर्डाची परीक्षा. आणि याच दोन वर्षांत घरात हिशेब सुरू होतो : पोरगा हाताशी आला, आता कामाला लावायचा का? पोरगी मोठी झाली, आता घरात बसून खडे चिकटवेल का? माध्यमिक शाळेतलं कौतुक हा आपल्याकडे हौसेचा विषय आहे. तिथे मात्र मूल शाळेत राहतं की जातं, याच्याशी त्याची गाठ आहे.

आता त्या सोहळ्याविषयी. तो रविवारी संध्याकाळी होता. मी कारण विचारलं तर माझे स्नेही म्हणाले, "रविवारी कापडमार्केट बंद. त्या दिवशी निदान थोडे तरी बाप येतात." शनिवारी सकाळी दहा वाजता ठेवला असता तर पाहुणे सगळे आले असते आणि पालक कोणीच नाही. जागा म्हणजे एका सोसायटीचं साधं सभागृह. प्लास्टिकच्या खुर्च्या, समोर सतरंजी. मंचावर मोठा फलक होता, पण त्यावर एकाही पुढाऱ्याचा फोटो नव्हता. मी खिशात भाषणाचा कागद घेऊनच गेलो होतो. स्नेह्यांनी मला तिसऱ्या रांगेत बसवलं आणि म्हणाले, "दादा, भाषण नाही हं ठेवलेलं. राग मानू नका. शेवटी प्रमाणपत्रं तुमच्या हातून देऊ."

मग एक तरुण बाई वही घेऊन उभ्या राहिल्या. त्यांनी एकेका मुलाचं पूर्ण नाव घ्यायचं, त्याने वर्षभरात काय केलं ते एकदोन वाक्यांत सांगायचं, मुलाने मंचावर येऊन उभं राहायचं, टाळ्या, पुढचा. एवढंच. विशेषणं नाहीत. 'हुशार', 'होतकरू', 'शाळेचा मान उंचावणारा' यांतलं काही नाही. फक्त काय केलं ते.

"हिने शाळेत आलेली गुजराती परिपत्रकं मराठीत करून पालकसभेत वाचून दाखवली. सहा वेळा."

"याला गणिताच्या पहिल्या चाचणीत पंचवीसपैकी चार होते. तिसऱ्या चाचणीत पंधरा मिळाले."

"हिने आजीकडून कानबाईची अकरा गाणी ऐकून वहीत उतरवून घेतली. ती वही आता शाळेत आहे."

"ही आठवीत राष्ट्रीय शिष्यवृत्तीच्या परीक्षेत पास झाली आणि नववीतही तिने गुण टिकवले, म्हणून तिची शिष्यवृत्ती पुढे चालू राहिली."

हे शेवटचं वाक्य ऐकून सभागृहात कुजबुज झाली. केंद्र सरकारची ही शिष्यवृत्ती २००८ सालची. घरचं उत्पन्न बेताचं असलेल्या, सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी. आठवीत परीक्षा द्यायची, पास झालं की नववी ते बारावी चार वर्षं दरसाल १२,००० रुपये. देशभरात दरवर्षी एक लाख मुलांसाठी ती ठेवलेली असते. महिन्याला हजार रुपये म्हणजे काय, हे खडे चिकटवणाऱ्या घराला सांगावं लागत नाही. माझ्या मागच्या रांगेत एक माणूस शेजाऱ्याला विचारत होता, "ती परीक्षा कधी असती? आपल्या धाकट्याला बसवता येईल का?" एका मुलीचं कौतुक दुसऱ्या घरापर्यंत असं पोचत होतं.

आणि मग एक बारकेला मुलगा आला. बाई म्हणाल्या, "हा खोखोच्या संघात राखीव खेळाडू होता. वर्षभरात त्याला एकही सामना खेळायला मिळाला नाही. वर्षभरात त्याने एकही सराव चुकवला नाही."

क्षणभर कोणालाच कळेना, हसायचं की टाळ्या वाजवायच्या. मग टाळ्या सुरू झाल्या त्या खोखोच्या संघातल्या मुलांनी. त्यांना ठाऊक होतं. माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. बोटांच्या टोकांना खडे चिकटवायच्या गोंदाचे पापुद्रे. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हाऊ मना पोऱ्या शे." मला अहिराणी येत नाही, पण एवढं कळायला भाषा यावी लागत नाही. थोड्या वेळाने त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या की रोज संध्याकाळी उशिरा येतो म्हणून मी त्याला शिव्या घालायची, मला वाटायचं कुठे उंडारतो.

माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे. आपण मुलांचे गुणगौरव कशासाठी करतो? टक्के जाहीर करायला? टक्के तर निकालाच्या दिवशीच घरी पोचलेले असतात. शेजाऱ्यांना, आत्याला, मामाला कळलेले असतात. गुणपत्रिकेत जे येतं ते सांगायला समारंभाची गरज नाही. गुणपत्रिकेत जे येत नाही, आणि मुलाच्या आईबापाला जे दुसरीकडून कधीच कळणार नाही, ते समारंभात सांगायचं असतं. आपलं पोर शाळेत कोण आहे हे आईबापाला सांगण्याचा तो एकच दिवस. तो दिवस आपण पाहुण्यांच्या भाषणात घालवतो.

गुजरातेत काय सगळीकडे असंच चालतं असं मात्र नाही. गोडादऱ्याच्याच चौकांत निकालाच्या मोसमात शिकवणीवर्गांचे फलक लागतात. ओळीने मुलांचे पासपोर्ट फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत 'ए-वन'. गुजरात बोर्डाच्या निकालात एक्क्याण्णवच्या वर गुण पडले की ही श्रेणी मिळते. शिवाय तिथे 'पी.आर.' म्हणून एक प्रकार असतो, शंभरातल्या किती जणांना मागे टाकलं ते सांगणारा. नव्व्याण्णव पूर्णांक अमुक अमुक. दशांशाच्या पुढच्या दोन आकड्यांवरून दोन क्लासांत भांडण. त्या फलकांवरच्या मुलांचं मला काही वाईट वाटत नाही. त्यांनी मेहनत केली, त्यांचे फोटो लागावेत. पण तो फोटो मुलाचा नसतो, जाहिरात क्लासची असते. मूल तिथे साडीवरच्या खड्यासारखं चिकटवलेलं असतं.

आपल्याकडे गोव्यात फार वेगळं आहे का? निकाल लागला की शंभर टक्के निकालाची जाहिरात. गावच्या पंचाचा हसरा फोटो मोठा आणि उत्तीर्ण झालेल्या मुलीचा लहान. एक गोष्ट मात्र गोवा बोर्डाने चांगली केली आहे. खेळात भाग घेणाऱ्या मुलांना निकालात क्रीडागुण मिळतात. मैदानावर घाम गाळलेला मुलगा त्या गुणांवर दहावी पार करतो तेव्हा नाकं मुरडणारे आहेत, पण मला ते योग्य वाटतं. तरीही क्रीडागुण हा शेवटी आकडाच. त्या मुलाने काय केलं हे त्यात येत नाही. ते माणसालाच सांगावं लागतं.

आणि ही काही परकी कल्पना नव्हे. माझे स्नेही अमळनेरचे म्हणून सांगतो. साने गुरुजी १९२४ ते १९३० अशी सहा वर्षं अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथल्या वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचं दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढत. रोज. मुलं उठायच्या आत. पुढे 'विद्यार्थी' हे मासिकही त्यांनी काढलं. मूठभर मुलांसाठी रोज दैनिक लिहिणारा शिक्षक म्हणजे त्या मुलांकडे रोज बघणारा शिक्षक. गोडादऱ्यातल्या बाईंच्या हातातली वही मला त्या दैनिकाची नात वाटली. माझे स्नेही मात्र एवढं काव्य करत नाहीत. ते म्हणाले, "वही वर्षभर टेबलावर असते. महिन्यातून एकदा बघायचं, कुणाच्या नावापुढं काही लिहिलेलं नाही. मग त्या पोराकडं आठवडाभर जरा लक्ष द्यायचं. काहीतरी सापडतंच."

आपल्या गोव्यातही हे रक्तात आहे, विसरलो आहोत इतकंच. पणजीतलं 'मुष्टिफंड' १९०८ सालचं. घरोघरची मूठ मूठ जमवून पोर्तुगीज अमदानीत मराठी शिक्षण उभं केलं, म्हणून ते नाव. मूठ कोणाची मोठी, कोणाची लहान, पण प्रत्येकाची मूठ मोजली गेली. 'आणि इतर मुठी' असं त्या लोकांनी म्हटलं असतं तर दुसऱ्या महिन्यात तांदूळ आला असता का?

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही खोटे नाहीत. पहिला : प्रत्येकाचंच कौतुक केलं तर कौतुकाला किंमत काय राहिली? खरं आहे. सगळ्यांना एकसारखं पदक वाटणं ही मुलांची फसवणूक आहे, आणि मुलांना ती लगेच कळते. पण गोडादऱ्यात सगळ्यांना एकसारखं काहीच मिळालं नाही. चारावरून पंधरावर गेलेल्या मुलाला कोणी हुशार म्हटलं नाही. चारावरून पंधरावर गेला असंच म्हटलं. वर्गात पहिली आलेल्या मुलीला पहिली म्हटलं, आणि तिने चौघींना विज्ञान शिकवलं तेही सांगितलं. पहिल्या नंबराचं तेज त्यामुळे कमी झालं नाही. उलट त्या चौघी सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवत होत्या. कौतुक खोटं असलं की स्वस्त होतं. खरं असेल तर कितीही जणांचं करा.

दुसरा आक्षेप जास्त कठीण आहे. याने होतं काय? मी हाच प्रश्न स्नेह्यांना रात्री जेवताना विचारला. त्यांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. मग म्हणाले की आदल्या वर्षी एका मुलाचं नाव घेतलं होतं. वर्गातले पंखे, नळ सगळं दुरुस्त करायचा. त्याला टाळ्याही पुष्कळ पडल्या. दहावीनंतर तो शाळेत आला नाही. बापाचा हात यंत्रात सापडला होता. मुलगा मिलमध्ये लागला, बारा तासांच्या पाळीवर. "कौतुकानं पोट भरत नाही, दादा. गेला तो गेलाच." थोड्या वेळाने म्हणाले, "एक आहे. आयटीआयचा फॉर्म कधी निघतो ते विचारायला त्याचा बाप माझ्याकडं आला होता. पोराला हातातलं काम येतं हे त्याला त्या दिवशी कळलं म्हणे. भरला फॉर्म तर भरला." फॉर्म भरला की नाही ते मी विचारलं नाही. तुम्हीही मला विचारू नका. कौतुक गरिबी हटवत नाही, शिष्यवृत्ती देत नाही, पाळी बारा तासांची आठ तासांची करत नाही. त्यासाठी वेगळी भांडणं करावी लागतात आणि ती केलीच पाहिजेत. पण बापाला शिक्षकाच्या दारापर्यंत आणण्याचं काम त्या दोन वाक्यांनी केलं. तेवढं तरी माझ्या चाळीस मिनिटांनी आजवर केलेलं नाही.

त्या संध्याकाळी अठ्ठ्याहत्तर मुलांची नावं घेतली गेली. मी सवयीने घड्याळ बघितलं. (दुसऱ्याचं भाषण असलं की मला घड्याळ आठवतं.) एकेका मुलाला साधारण अर्धा मिनिट. सगळी मिळून चाळीस मिनिटांत आटोपली. बरोबर माझ्या एका भाषणाएवढा वेळ.

शेवटी मला प्रमाणपत्रं द्यायला बोलावलं. राखीव खेळाडू समोर आला तेव्हा मी त्याला विचारलं, "पुढच्या वर्षी खेळणार ना?" तो म्हणाला, "सर, मी दहावीत जाणार. पुढच्या वर्षी सराव मी घेणार नववीवाल्यांचा." खिशातला भाषणाचा कागद मी गाडीतच फाडला, असं लिहिलं तर छान दिसेल. खरं म्हणजे तो कागद अजून माझ्याकडे आहे. त्याच्या पाठीवर मी त्या मुलांची वाक्यं उतरवून घेतली होती, म्हणून वर लिहू शकलो.

या डिसेंबरातही फोन आला. बार्देशातलं एक हायस्कूल. मी मुख्याध्यापिकाबाईंना म्हटलं, "येतो, पण माझ्या भाषणाला पाचच मिनिटं ठेवा. उरलेल्या वेळात मुलांची नावं घ्या. सगळ्यांची, आणि प्रत्येकाने काय केलं ते." पलीकडे जरा शांतता. मग म्हणाल्या, "सर, आमची भुरगीं दोनशे चाळीस आहेत." मी म्हटलं, "मग पाचवी ते नववीचं आपापल्या वर्गात करा, एकेका शनिवारी, आईबापांना बोलावून. मंचावर फक्त दहावी घ्या." त्या म्हणाल्या, "शिक्षकांना विचारून बघते. पण वर्षभराची नोंद कुणी ठेवलेली नाही." हे खरंच होतं. नोंद नसेल तर डिसेंबरात कौतुक कुठून आणणार? तेव्हा पुन्हा 'होतकरू' आणि 'शाळेचा मान उंचावणारा' हीच विशेषणं येणार.

म्हणून शिक्षकवाचकहो, पाहुण्यांची यादी पुढच्या डिसेंबरात करा. वही मात्र आजच घाला. दर मुलामागे एक पान पुरे. आणि कुठल्याही शाळेला माझ्यासारखा लांबलचक बोलणारा पाहुणा मिळाला, तर त्याला खुशाल तिसऱ्या रांगेत बसवा. राग येतो, पण थोडाच वेळ. मी सांगतो ना.

बार्देशातल्या बाईंचा काल पुन्हा फोन आला. दहावीच्या एकेचाळीस मुलांपैकी एकोणतीस जणांबद्दल शिक्षकांनी लिहून दिलंय. बारा राहिलीत. त्या विचारत होत्या, "त्यांचं 'आणि इतर' केलं तर चालेल का?"

मी म्हटलं, "बाई, कार्यक्रम आठ दिवस पुढे ढकला."

बघू या, ढकलतात का.